पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून बीपी वाढतं का? जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न असा आहे: बाबांचं वय ६१, बीपी १५८/९६, त्याच आठवड्यातल्या सीबीसीत पांढऱ्या पेशी १२,८००, लॅबने त्यापुढे ठळक अक्षरात "हाय" छापलंय, आणि शेजारच्या काकांनी सांगितलं की पांढऱ्या पेशी वाढल्या की शिरा आवळतात म्हणून बीपी चढतं. हे खरं का? आणि खरं असेल तर डॉक्टर पांढऱ्या पेशी कमी करायचं औषध का देत नाहीत?

दुसऱ्या भागाचं उत्तर थोडक्यात, त्यासाठी तसं औषध देत नाहीत आणि देऊही नये, का ते खाली येईलच. पहिल्या भागाचं उत्तर मात्र असं पटकन देता येत नाही, कारण पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्या आवळतात हे खरंय, सैल करतात हेही खरंय, आणि एकाच जातीची पेशी एका ठिकाणी हे आणि दुसऱ्या ठिकाणी ते करते. मी २६ वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करतोय, त्यातली बरीच आयसीयूत गेली, आणि एमडी झाल्यावर मधली ३ वर्षं मी एका लॅबमध्ये उंदराच्या महाधमनीच्या चकत्या पाण्यात टांगून त्या आवळतात कशा नि सुटतात कशा ते बघत बसायचो. त्या काळात स्थळं बघायला जायचो तेव्हा "मुलगा काय करतो" याचं उत्तर देताना आईची फार पंचाईत व्हायची. असो, या प्रश्नाला ती ३ वर्षं उपयोगी पडताहेत.

आधी काकांच्या वाक्यातला शब्दांचा घोळ काढू. मराठीत आपण सगळ्यालाच शीर नाहीतर नस म्हणून मोकळे होतो, पण बीपीच्या हिशोबात खरा खेळ शिरांचा नसून धमन्यांचा असतो, त्यातही बारीक, शेवटच्या टप्प्यातल्या धमन्यांचा, ज्या नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसतात किंवा दिसतच नाहीत. त्यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू गोल गुंडाळलेला असतो. तो आवळला की आतलं भोक लहान होतं, आणि इथलं गणित फार निर्दयी आहे, नळीतून जाणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे त्रिज्या फक्त २० टक्के कमी झाली आणि दाब तेवढाच राहिला तर प्रवाह २० टक्के नाही घटत, जवळपास ५९ टक्के घटतो. हे कळलं की मग इतक्या छोट्या पेशी इतका मोठा गोंधळ कसा घालू शकतात याचं आश्चर्य वाटत नाही, त्यांना भिंत फार हलवायची गरजच नसते.

आता भिंतीच्या आतली बाजू. तिथे एंडोथेलियम नावाचं अस्तर असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचं. हे अस्तर सतत थोडा थोडा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतं, तो शेजारच्या स्नायूत झिरपतो आणि स्नायू सैल राहतो. हा वायू काही सेकंदच टिकतो, त्यामुळे साठा करून ठेवायची सोय नाही, दूध उतू जाताना गॅस बारीक करायला कोणीतरी ओट्याशी सतत उभं राहावं लागतं ना, तसं अस्तराला चोवीस तास उभं राहावं लागतं. माझ्या सगळ्या उत्तराचा सांधा हा वायू आहे. पांढऱ्या पेशी स्नायूला थेट पकडून पिळतात असं चित्र डोक्यात असेल तर ते पुसून टाका, त्यांचा मोठा वाटा या वायूचं काय होतं ते ठरवण्यात आहे.

हे कळलं कसं ती गोष्ट मला फार आवडते. रॉबर्ट फर्चगॉट नावाचे अमेरिकन फार्माकॉलॉजिस्ट ब्रुकलिनमध्ये सशाच्या महाधमनीवर काम करायचे. १९५०च्या दशकात त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं की असेटिलकोलीन (मज्जातंतू निरोप द्यायला वापरतात ते रसायन) टाकलं की धमनीची पट्टी आवळते. मग १९७८च्या सुमारास त्यांच्या लॅबमध्ये एका प्रयोगात क्रमाची चूक झाली आणि असेटिलकोलीनसारखंच काम करणारं कार्बाकॉल टाकल्यावर धमनी चक्क सैल पडली, मग असेटिलकोलीननेही तसंच होताना दिसलं. शोधता शोधता लक्षात आलं की धमनीचा तुकडा कापताना आतली बाजू कशावर तरी घासली गेली तर अस्तर खरवडून जातं, आणि अस्तर गेलं की असेटिलकोलीन स्नायूला आवळतं, अस्तर शाबूत असेल तर तेच असेटिलकोलीन अस्तराकडून काहीतरी सोडवून घेतं आणि स्नायू सुटतो. १९८०मध्ये हे छापून आलं, ते "काहीतरी" म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हे पुढे कळलं आणि १९९८चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. औषध एकच, परिणाम उलटे, फरक फक्त अस्तराच्या तब्येतीचा. हे लक्षात ठेवा कारण पांढऱ्या पेशींचं अगदी हेच होतं.

माझी स्वतःची फजिती पण सांगतो. लॅबमधल्या पहिल्या महिन्यात माझ्या चकत्या सुटायच्याच नाहीत. २-३ मिलिमीटरची चकती, ३७ अंशाला क्रेब्सचं द्रावण, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे, फेनिलेफ्रिन टाकलं की छान आवळायची आणि असेटिलकोलीन टाकलं की ढिम्म. मी आठवडाभर केमिकलला शिव्या घातल्या, नवी बाटली मागवली. शेवटी आमच्या सरांनी माझा चिमटा हातात घेतला, बघितला, आणि म्हणाले, "अरे तू धमनी कापतोयस की दोडका खरवडतोयस?" अस्तर मीच घालवत होतो.

त्यानंतर माझं खरं काम सुरू झालं, म्हणजे या चकत्यांवर न्यूट्रोफिल टाकायचे. न्यूट्रोफिल म्हणजे पांढऱ्या पेशींतली सगळ्यात मोठी फौज, निरोगी मोठ्या माणसात साधारण ४० ते ७० टक्के त्याच असतात. आणि निकाल वेडे करणारे. एक दिवस चकती सुटायची, दुसऱ्या दिवशी तशाच चकतीवर तितक्याच पेशी टाकल्या की आवळायची. मी पुन्हा स्वतःला दोष द्यायला लागलो, मग जुने पेपर काढून बघितले तर १९८०च्या दशकाच्या शेवटापासून जगभर हाच घोळ, काही गटांना न्यूट्रोफिल नायट्रिक ऑक्साइडसारखं काहीतरी सोडून धमनी सैल करताना दिसले तर काहींना अस्तर असलेली धमनी आवळताना. दोन्ही बरोबर होते. न्यूट्रोफिल फार तिखट स्वभावाची पेशी आहे, काचेला लागली, जोरात हलवली, सेंट्रिफ्यूज जास्त वेगाने फिरवला तरी ती भडकते. शांत न्यूट्रोफिल आणि भडकलेला न्यूट्रोफिल या दोन वेगळ्या पेशी समजा, मोजताना मात्र दोन्ही एकच आकडा.

भडकलेला न्यूट्रोफिल नक्की करतो काय? मुख्य शस्त्र सुपरऑक्साइड. जंतूला मारायला न्यूट्रोफिल एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमने हा अतिशय रागीट रेणू बनवतो, जंतू गिळल्यावर पेशीच्या आतल्या पिशवीत त्याचा मारा करतो, पण अस्तराला चिकटलेला न्यूट्रोफिल बाहेरही सोडतो. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड एकमेकांना भेटले की क्षणात जुळतात, इतक्या वेगाने की सुपरऑक्साइडला आवर घालायला शरीराने ठेवलेलं एन्झाइमही त्या शर्यतीत मागे पडतं, आणि तयार होतो पेरॉक्सिनायट्राइट, जो स्वतः आणखी नासधूस करतो. म्हणजे अस्तराने वायू बनवला, पण स्नायूपर्यंत पोचायच्या आधीच वाटेत लुटला गेला. स्नायूला आवळायचा हुकूम कोणी दिलेला नसतो, सैल राहायचा हुकूम पोचत नाही, परिणाम तोच. याचा उलटा पुरावाही आहे. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज नावाच्या जन्मजात आजारात हे एन्झाइमच चालत नाही, त्या मुलांना वारंवार भयंकर इन्फेक्शन होतात, पण त्यातल्या एका प्रकारच्या पेशंटच्या हाताच्या धमन्या तपासल्या तेव्हा त्या निरोगी माणसांपेक्षा जास्त चांगल्या फुगत, म्हणजे सैल पडून रुंद होत होत्या.

दुसरं शस्त्र मायलोपेरॉक्सिडेज. पू हिरवट दिसतो तो याच्याच रंगामुळे. न्यूट्रोफिलने हे एन्झाइम सोडलं की ते धमनीच्या अस्तराला चिकटतं, आरपार जाऊन अस्तराच्या खालच्या थरात ठाण मांडून बसतं, आणि तिथे बसून नायट्रिक ऑक्साइड खात राहतं. गंमत म्हणजे ज्या न्यूट्रोफिलने ते सोडलं तो दिवसभरात मरूनही गेलेला असतो, पोरगं घर सोडून गेलं तरी भिंतीवरचे खडूचे रेघोटे तसेच राहतात तसं. हेपरिनचं इंजेक्शन दिलं की हे चिकटलेलं एन्झाइम सुटून रक्तात येतं आणि त्यानंतर धमनी जास्त चांगली फुगते, हे माणसांवर तपासलेलं आहे, २००६चं काम आहे. (म्हणून बीपीसाठी हेपरिन घ्यायचं नसतं, रक्तस्राव होऊन बसेल, हे फक्त यंत्रणा कळावी म्हणून सांगितलं.)

तिसरं, ल्युकोट्राइन. यांच्या नावातच ल्युकोसाइट म्हणजे पांढरी पेशी बसलीय, १९७९मध्ये सॅम्युएलसन यांच्या गटाने हे नाव दिलं, त्यांना १९८२चं नोबेल प्रोस्टाग्लँडिन आणि त्या कुळातल्या रेणूंवरच्या कामासाठी मिळालं. दम्याच्या पेशंटना माँटेलुकास्ट देतात ते याच रेणूंना अडवायला. श्वासनळी आवळणारे हे रेणू हृदयाच्या धमन्याही आवळू शकतात. शिवाय पांढऱ्या पेशींनी सोडलेले टीएनएफसारखे निरोप अस्तराला मिळाले की अस्तर स्वतःच एंडोथेलिन बनवायला लागतं, १९८८मध्ये जपानी संशोधकांनी डुकराच्या महाधमनीच्या अस्तरातून शोधलेला, शरीरातल्या सगळ्यात जबरदस्त आवळणाऱ्या रेणूंपैकी एक. म्हणजे घरचाच माणूस फितूर.

हे सगळं काचेच्या भांड्यातलं झालं. पेशंटमध्ये आवळणं डोळ्यासमोर बघायचं असेल तर ॲलर्जी बघावी. काही वर्षांपूर्वी एका किल्ल्यावर आग्यामोहोळ उठलं आणि तिथून आलेला एक चाळिशीतला गृहस्थ आमच्या कॅज्युअल्टीत, अंगभर गांधी, घाम, आणि छातीत दुखतंय. ईसीजी काढला तर सरळ हार्ट अटॅकचा. ज्युनिअर डॉक्टर म्हणाला विषामुळे ईसीजी बिघडला असेल, पण अँजिओग्राफी केली तेव्हा धमन्या स्वच्छ, नळीत कुठेही अडथळा नाही, फक्त एक धमनी आवळून दोरीसारखी झालेली, नायट्रोग्लिसरीन दिल्यावर ती समोर उघडली. याला कौनिस सिंड्रोम म्हणतात, निकोलस कौनिस या ग्रीक डॉक्टरांनी १९९१मध्ये वर्णन केलेला. इथे गुन्हेगार मास्ट सेल, अस्थिमज्जेतच जन्मणारी पण रक्तात फिरत न बसता थेट ऊतींमध्ये जाऊन राहणारी पांढऱ्या पेशींची भावंडं, हृदयाच्या धमन्यांच्या भिंतीतही ती असतात. फुटली की हिस्टामिन, ल्युकोट्राइन, सगळं एकदम. आता बघा, हेच हिस्टामिन त्वचेतल्या बारीक वाहिन्या रुंद करतं म्हणून अंगावर लाल गांधी उठतात आणि बीपी पडतं, आणि त्याच वेळी हृदयाची धमनी मात्र आवळलेली. एकाच माणसात, एकाच मिनिटाला, दोन्ही. त्याचा त्या दिवशीचा सीबीसी कोणी मला दाखवून "आकड्यावरून सांगा धमन्या आवळल्यात की सुटल्यात" असं विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो, कपाळ?

आणि याच्या अगदी विरुद्ध टोक म्हणजे सेप्सिस, इन्फेक्शनमुळे सगळं शरीरच कोलमडतं ते. आयसीयूत पांढऱ्या पेशी २५,००० असलेला माणूस येतो, काकांच्या हिशोबाने त्याचं बीपी २०० हवं, असतं ८०/४०. हात-पाय बऱ्याचदा सुरुवातीला गरम असतात कारण धमन्या सताड उघड्या पडलेल्या असतात. कारण असं की जंतूंना बघून पांढऱ्या पेशी जे निरोप पाठवतात त्यांच्यामुळे धमनीच्या भिंतीतच नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एक दुसरंच एन्झाइम चालू होतं, अस्तरातलं एन्झाइम थेंब थेंब सोडतं तर हे नळ उघडा टाकून निघून गेल्यासारखं तासन् तास सोडत राहतं. मग आम्ही नॉरॲड्रेनालिनची ड्रिप लावून धमन्या जबरदस्तीने आवळून धरतो.

इथे एक प्रकरण मी दरवर्षी रेसिडेंटना सांगतो. नायट्रिक ऑक्साइड जास्त झाला तर तो बनायचाच बंद करू, असं सरळ तर्काने ठरलं, औषध तयार झालं, सेप्टिक शॉकच्या ७९७ पेशंटवर ट्रायल झाली, २००४मध्ये छापून आली. बीपी वर आलं, अगदी हवं तसं. आणि माणसं जास्त मेली, २८ दिवसांत ५९ टक्के, औषध न दिलेल्यांत ४९ टक्के, ट्रायल मध्येच थांबवावी लागली. मॉनिटरवरचा आकडा सुंदर आणि पेशंट गेलेला. पांढऱ्या पेशींच्या कामात सरसकट हात घालायची मला जी भीती वाटते ती इथून आलीय, आणि "औषध का देत नाहीत" याचं अर्धं उत्तर हेच आहे.

बरं, हे सगळे तासा-दिवसांचे प्रकार झाले. बाबांचं बीपी मात्र एका रात्रीत वाढलेलं नसणार. वर्षानुवर्षं चालणाऱ्या बीपीत पांढऱ्या पेशींचा हात आहे का? इथे नाव येतं ते टी सेलचं, म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींतल्या एका जातीचं (दुसरी जात बी सेल). २००७मध्ये हॅरिसन यांच्या गटाने अमेरिकेत असे उंदीर घेतले ज्यांच्यात टी आणि बी पेशी बनतच नाहीत, त्यांना अँजिओटेन्सिन हे धमन्या आवळणारं हार्मोन देऊन बीपी चढवायचा प्रयत्न केला तर ते नेहमीच्या उंदरांइतकं चढेना, आणि धमन्यांचं सैल पडणंही टिकून राहिलं. मग त्यांना टी पेशी परत दिल्या आणि बीपी चढायला लागलं, बी पेशी दिल्यावर तसं झालं नाही. या टी पेशी धमनीच्या बाहेरच्या चरबीत आणि किडनीत जाऊन बसतात, तिथून निरोप सोडतात, मॅक्रोफेज नावाच्या गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी बोलावून घेतात, भिंतीत सुपरऑक्साइड वाढतो आणि किडनी मीठ धरून ठेवते. एकदम पटण्यासारखी गोष्ट, आणि मीही काही वर्षं व्याख्यानांतून ती छाती फुगवून सांगितली. मग २०१७मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की त्याच जातीच्या, एका मोठ्या पैदास केंद्रातल्या उंदरांत हे संरक्षण आता दिसतच नाही, पेशी नसूनही बीपी नेहमीसारखं चढतं. म्हणजे गोष्ट खोटी ठरली असं नाही, बाकीचा पुरावा बराच आहे, पण उंदरांत पिढ्या सरताना काय बदललं देव जाणे, तेव्हापासून मी ती जरा हळू आवाजात सांगतो.

माणसांत? मायकोफेनोलेट हे टी पेशींना दाबणारं औषध सोरायसिस आणि संधिवातासाठी दिलेल्या पेशंटचं बीपी उतरलं असं २००६मध्ये नोंदवलंय, पण पेशंट किती, तर ८. आठ जणांवरून मी कोणाच्या वडिलांना इम्युनिटी दाबायची गोळी देणार नाही.

आणि आता बाजू पुन्हा उलटते. फर्चगॉटच्या प्रयोगात असेटिलकोलीन बाटलीतून टाकलं होतं. शरीरात ते अस्तरापर्यंत पोचवतं कोण? बहुतेक धमन्यांत अस्तरापर्यंत मज्जातंतू जातच नाहीत. हे कोडं मला लॅबमध्ये असल्यापासून छळायचं. २०१६मध्ये एका गटाने दाखवलं की काही टी पेशी स्वतःच असेटिलकोलीन बनवतात, ज्या उंदरांच्या टी पेशींतून ती क्षमता काढून टाकली त्यांचं बीपी वाढलेलं होतं, आणि भरपूर असेटिलकोलीन बनवणाऱ्या पेशी टोचल्यावर बीपी उतरलं. म्हणजे रक्तात फिरता फिरता अस्तराला "सैल सोड" सांगणाऱ्या पांढऱ्या पेशीच निघाल्या. तो पेपर वाचला त्या संध्याकाळी मी आमच्या सरांना फोन केला होता, ते तोवर रिटायर होऊन कोकणात आंब्याची कलमं बघत होते, म्हणाले, "हे आधी कळलं असतं तर तुझ्या थीसिसचं नाव तरी बरं ठेवता आलं असतं."

इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींच्या आणखी एका जातीची तीच कथा. आपल्याकडे इओसिनोफिल वाढले की लोकांना जंत, ॲलर्जी, सर्दी आठवते, आणि एका दुर्मिळ आजारात त्या हृदयाच्या धमन्यांना त्रास देतातही. पण धमन्यांभोवती जी चरबी असते ती निरोगी माणसात धमनीला सैल ठेवायचं काम करते, आणि मँचेस्टरच्या गटाने २०१७मध्ये उंदरांत दाखवलं की त्या चरबीत राहणारे इओसिनोफिल काढून घेतले तर तिचा हा गुण जातो, परत दिले की येतो. लठ्ठपणात हा गुण कमी होतो. वजन वाढल्यावर बीपी का वाढतं याच्या अनेक कारणांतलं हे एक छोटं कारण असू शकतं.

आता बाबांचे १२,८००. या आकड्याबद्दल एक गोष्ट पेशंटना तर सोडाच, पुष्कळ डॉक्टरांनाही चटकन आठवत नाही. रक्तातल्या न्यूट्रोफिलपैकी साधारण निम्मे कोणत्याही क्षणी प्रवाहात नसतातच, ते बारीक वाहिन्यांच्या भिंतींना रेलून असतात, आणि सुईतून नळीत येतात ते फक्त प्रवाहातले. धावत आलात, घाबरलात, उलट्या झाल्या, स्टिरॉइड घेतलं, की भिंतीवरचे प्रवाहात येतात आणि आकडा चढतो, एकही नवी पेशी न बनता. आणि धमनीला त्रास द्यायचा तर भिंतीला चिकटलेली, भडकलेली पेशी लागते. म्हणजे ज्या पेशी आवळण्याच्या कामात असतील त्या सीबीसीत सापडायच्या नाहीत आणि ज्या सीबीसीत सापडल्या त्या कदाचित नुसत्या वाहत चालल्यात. आकडा फार मोठा झाला, ब्लड कॅन्सरमध्ये १ लाखाच्या वर वगैरे, तर वेगळी गोष्ट, तिथे पेशी स्वतःच बारीक वाहिन्यांत बोळा होऊन बसतात, पण ते आवळणं नाही, तुंबणं आहे, आणि ती इमर्जन्सी असते. १२,८००चा त्याच्याशी काही संबंध नाही, घाबरू नका.

तरीही मी हा रिपोर्ट फेकून देणार नाही. कारण पेशी वाढवणारी आणि धमन्या बिघडवणारी कारणं बऱ्याचदा एकच असतात. सिगारेट-बिडी हे पहिलं, त्याने पांढऱ्या पेशी वाढलेल्या राहतात आणि अस्तरही बिघडतं. पोटावरची चरबी, साखर. गुडघ्यासाठी कोणीतरी दिलेलं "आयुर्वेदिक" चूर्ण ज्यात स्टिरॉइड मिसळलेलं निघतं, हे मी दरवर्षी दोन-तीनदा तरी पकडतो, त्याने बीपी आणि पेशी दोन्ही चढतात आणि घरचे म्हणतात बघा पेशी वाढल्या म्हणून बीपी वाढलं. आणि दात! दातांकडे कोणी बघतच नाही. २००७मध्ये हिरड्यांचा तीव्र आजार असलेल्या १२० जणांवर एक चांगला अभ्यास छापून आला, निम्म्यांच्या हिरड्यांची कसून सफाई केली, निम्म्यांची नेहमीची वरवरची, आणि हाताची धमनी किती फुगते ते मोजलं. कसून सफाईनंतर २४ तासांनी धमनी आधीपेक्षा वाईट वागली, कारण सफाईने जंतू उसळतात आणि पांढऱ्या पेशी खवळतात. पण २ महिन्यांनी आणि ६ महिन्यांनी तीच धमनी दुसऱ्या गटापेक्षा चांगली फुगत होती. तसंच टायफॉइडची लस टोचल्यावर काही तास धमन्या कमी फुगतात आणि दीड दिवसात पूर्ववत होतात, हेही २०००मध्ये मोजलेलं आहे. (लस घ्यायची नाही असा अर्थ कृपया काढू नका, खरा टायफॉइड काही दीड दिवसात आटपत नाही.)

औषधाच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर. पांढऱ्या पेशींच्या निरोपांपैकी एकच, आयएल-१ बीटा, अडवणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन १०,०६१ हृदयविकाराच्या पेशंटवर वापरून बघितलं, २०१७मध्ये निकाल आले, हार्ट अटॅक थोडे कमी झाले, पण जीवघेणी इन्फेक्शन वाढली आणि किंमत आपल्या आवाक्याबाहेर. मग कोल्चिसिन, गाउटची जुनी स्वस्त गोळी, न्यूट्रोफिलची हालचाल मंदावते, ती अगदी कमी डोसमध्ये हृदयविकाराच्या पेशंटमध्ये २०१९ आणि २०२०च्या मोठ्या ट्रायल्समध्ये उपयोगी ठरली. पण तीसुद्धा बीपीची गोळी नाही, आणि हृदयाची नळी खराब असलेल्यांत, तीही हृदयरोगतज्ज्ञाने विचार करून द्यायची. हे कोल्चिसिन आपल्या कळलावीच्या कंदात असतं, पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं दिसतात तीच. हे वाचून कोणी कंद उगाळून प्यायला जाऊ नये, त्याने माणूस मरतो, आणि वाईट मरतो.

तर बाबांसाठी मी काय करेन ते सांगतो, अर्थात त्यांना प्रत्यक्ष बघणाऱ्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापुढे. बीपीवर बीपीचे उपचार, दंडाच्या पट्ट्याचं मशीन घेऊन आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वही करायची, मीठ, वजन, लागली तर गोळी, पेशींची वाट बघत थांबायचं नाही. तुमच्या बीपीच्या गोळ्यांतल्या काही, अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या, भिंतीतला तो सुपरऑक्साइडही कमी करतात, म्हणजे काकांना हवं होतं ते थोडंफार होतंच. ताप, खोकला, लघवीला जळजळ, पायाला जखम आहे का बघा. सगळ्या गोळ्या-चूर्णांच्या पुड्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट करा, दातांच्या डॉक्टरकडे एकदा जाऊन या. सीबीसी २-३ आठवड्यांनी परत, यावेळी एकूण आकड्याबरोबर कोणत्या जातीच्या पेशी किती तेही बघायचं, आणि तेव्हाही वाढलेलेच असले, किंवा वजन उतरतंय, रात्री घाम येतोय, प्लीहा हाताला लागतेय असं असेल तर रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला थेंब, पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्याखालून जाऊ दे.

आणि लॅब दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असेल, लिफ्ट बंद असेल, तर बाबांना जिने चढून धापा टाकत लगेच सुईसमोर बसवू नका. १५ मिनिटं खुर्चीत शांत टेकू द्या, भिंतीवरून सुटलेल्या पेशी तेवढ्यात पुन्हा जागेवर जायला लागतात. बीपी मोजतानाही तेच.